खर्ड्याची उघडी तक्रार

नगर जिल्हा मी एकदाच आडवा-उभा पाहिला, आणि तोही लोकांच्या चुका शोधत. भंडारदऱ्याचं पाणी, खर्ड्याचा किल्ला, नेवाशाचं देऊळ यांच्या इतक्या जवळून गेले की कुणी विचारलं तर 'हो, पाहिलंय' म्हणता येतं. पण त्या पाच दिवसांतलं मला जे आठवतं ते या जागांचं नाही. तिकडे कधी न गेलेल्यांसाठी लिहिते आहे, म्हणून मी तिथे कशाला गेले होते ते आधी सांगते.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. पुण्यातल्या ज्या कंपनीत मी नोकरीला होते ती दुसऱ्यांचे कॉम्प्युटर सांभाळायची. नगर जिल्ह्यातल्या एका दूध संघाने आपल्या शीतकरण केंद्रांवर नुकतेच कॉम्प्युटर बसवले होते. गावोगावचं दूध सकाळी केंद्रावर येणार, मशीनवर फॅट मोजली जाणार, कॉम्प्युटर चिठ्ठी छापणार आणि मग दूध टाकीत जाणार. मशीन बंद पडलं की केंद्रावरून आमच्या नगर शाखेला फोन. शाखेने तक्रारीला नंबर द्यायचा, तंत्रज्ञ पाठवायचा, काम झालं की केंद्रप्रमुखाची सही घ्यायची आणि तक्रार 'बंद' म्हणून नोंदवायची.

त्या वर्षी आमच्या मालकांना आंतरराष्ट्रीय दर्जाचं प्रमाणपत्र हवं झालं. सेवा कशी द्यावी, तक्रारी कशा हाताळाव्यात, यावर इंग्लंडातल्या सरकारी खात्यांसाठी तयार झालेली जाडजूड मार्गदर्शक पुस्तकं त्यांनी मागवली आणि माझ्या टेबलावर ठेवली. मी ती तीन महिने वाचली. खरं सांगायचं तर मला ती आवडली. त्यांत 'घटना' आणि 'समस्या' असा फरक केला होता. मशीन बंद पडलं ही घटना. ते पुन्हा पुन्हा का बंद पडतं ही समस्या. घटना लवकर निस्तरा, पण समस्येचा स्वतंत्र छडा लावा, असं ती पुस्तकं सांगत होती. त्यावरून मी आमची नियमावली लिहिली, एकशे चाळीस पानांची. घटनेचं प्रकरण पूर्ण घेतलं, कारण त्यात तास-मिनिटं होती आणि तक्ते काढता येत होते. समस्येचं प्रकरण गाळलं. आमचे वरिष्ठ वर्तक म्हणाले, "प्रमाणपत्रासाठी ते लागत नाही, पुढच्या वर्षी बघू." मलाही कामाचा कंटाळा आला होता. मी ते गाळलं.

बाहेरचे तपासनीस येण्याआधी आपणच आपली तपासणी करायची असते. त्यासाठी जानेवारीत मला नगरला पाठवलं.

नगर

माळीवाड्याच्या स्टँडजवळ लॉज शोधताना पहिली फजिती झाली. "बरोबर कोण आहे?" मॅनेजरने विचारलं. कुणी नाही म्हटल्यावर त्याने रजिस्टर मिटलं आणि खोली नाही म्हणाला. किल्ल्या तर मागच्या फळीवर ओळीने टांगलेल्या दिसत होत्या. पुण्यातही एकट्या बाईकडे बघतात, पण तिथे निदान बघून खोली देतात. शेवटी शाखेतून फोन गेला तेव्हा खोली मिळाली, गीझर बंद असलेली.

शाखा सावेडीत, एका दुकानाच्या वर दोन खोल्यांत होती. शाखाप्रमुख काटे गोड बोलणारे, नीटनेटके गृहस्थ. भिंतीवर त्यांनी रंगीत तक्ता लावला होता. आठ तासांत बंद झालेल्या तक्रारी हिरव्या, राहिलेल्या लाल. नेवासा आणि राजूर ही दोन्ही केंद्रं पठारे नावाच्या तंत्रज्ञाकडे होती. तिथे खालपासून वरपर्यंत हिरवं. खर्डा साळव्यांकडे, तिथे जवळजवळ सगळं लाल.

"खर्ड्याचं तुम्हीच बघा मॅडम," काटे म्हणाले. "माणूस वाईट नाही. पण शिस्त नाही. वही काय ठेवतो, मनानेच काय करतो. प्रमाणपत्राच्या वेळी असा एक माणूस पुरतो."

मी तक्ता पाहिला आणि मनातल्या मनात अर्धा अहवाल तिथेच लिहून टाकला.

जीप शब्बीरभाई चालवणार होते. नगरचेच, पन्नाशीचे, कमी बोलणारे. निघताना मी विचारलं, "खर्डा सगळ्यात लांब का?"

"राजूर लांब," ते म्हणाले. "खर्ड्याला जायला कुणाचं मन होत न्हाई, म्हनून लांब वाटतं."

नेवासा

फाट्यावरच पठारे उभे होते, पांढऱ्या शर्टात, हातात गुलाबाचं फूल. नेवाशाच्या केंद्रावर सगळं लखलखीत होतं. मशीन चालू, फरशी धुतलेली, आणि तक्रारींची फाइल अशी की मी नियमावलीच्या मागे जे नमुन्याचं पान जोडलं होतं तेच कुणी शंभर वेळा भरलं आहे असं वाटावं. कुठेही खाडाखोड नाही. तक्रार आली सात वाजता, बंद झाली आठ वाजता. तक्रार आली साडेसहाला, बंद झाली सव्वासातला. खाली केंद्रप्रमुखाची सही.

"तुमची नियमावली मी दोनदा वाचली मॅडम," पठारे म्हणाले. "अशी शिस्त आधीच पाहिजे होती."

आपलं लिहिलेलं कुणी दोनदा वाचलं हे ऐकून मी फुलले.

दुपारी त्यांच्या मेव्हण्याच्या रानात हुरडा होता. उसाच्या गाड्यांमागून धूळ खात आम्ही तिथे पोचलो. शेणीच्या आरात कणसं भाजून, हातावर चोळून, गरम दाणे पुढ्यात टाकत होते. बरोबर शेंगदाण्याची चटणी, गूळ, घट्ट दही. पुण्यात आम्ही ज्वारी म्हणजे दुकानातल्या पोत्यातली एवढंच जाणतो. मी अधाशासारखी खाल्ली. वारा प्रवरेकडून येत होता, ऊन कोवळं होतं, आणि पठारे विचारत होते की बाहेरचे तपासनीस काय काय बघतील.

फाइल वाचताना मला काही खटकायला हवं होतं. एका जिल्ह्याच्या दोन टोकांना असलेली दोन केंद्रं एकटा माणूस तासाभरात कशी गाठतो, एवढं विचारण्याइतकी बुद्धी मला होती. पण हुरडा चांगला होता आणि स्तुतीही. मी दिवसाअखेर लिहिलं, 'नेवासा: पूर्ण अनुरूप.'

राजूर

श्रीरामपूर, संगमनेर, अकोले करत राजूरला पोचेपर्यंत अंधारून आलं. रान बदललं होतं. ऊस मागे राहिला, डोंगर जवळ आले, आणि थंडी अशी की विश्रामगृहातल्या दोन घोंगड्या अंगावर घेऊनही पाय गरम होईनात. पठारे सकाळी दहाला येणार होते. मला पहाटेच जाग आली. खोलीत कुडकुडत बसण्यापेक्षा केंद्रावर जाऊन बसावं म्हणून सहा वाजता मी एकटीच चालत गेले.

केंद्राबाहेर रांग होती. डोंगरातल्या वाड्यांवरून आलेल्या बायका, माणसं, समोर दुधाच्या किटल्या. आत कॉम्प्युटरवर रुमाल झाकलेला. केंद्रप्रमुख सोनवणे एकेकाचं दूध काचेच्या नळीत घेऊन हाताने फॅट काढत होते. एकाला पाच-सहा मिनिटं लागत होती. टँकर साडेआठला जायचा.

रांगेत शेवटी एक हडकुळी बाई होती, हिराबाई. तिने सोनवण्यांना विचारलं, "आजबी बंदच का?"

"बंदच हाय. थांबा जरा."

मी फाइल उघडली. राजूरच्या मागच्या नऊ दिवसांत नऊ तक्रारी होत्या. रोज एक, रोज नवा नंबर, आणि रोजची तक्रार तासाभरात बंद. काट्यांच्या भिंतीवरचे नऊ हिरवे चौकोन.

"पठारे कधी आले होते?" मी विचारलं.

सोनवण्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग फाइलकडे. "फोन करत्यात मॅडम. बंद करून परत चालू करा म्हनत्यात. करतो. कॉम्प्युटर चालू व्हतो. फॅटचं मशीन जोडलं का परत बंद."

"मग चालू झाल्याची सही कोण करतं?"

त्यांनी ड्रॉवर उघडला. आमच्या तक्रारीच्या फॉर्मांचा गठ्ठा होता. सगळे कोरे, आणि प्रत्येकाच्या तळाशी सोनवण्यांची सही. "टँकरबरोबर पठाऱ्यांकडं पाठवतो, भरून परत येत्यात. तेच म्हनले, सह्या करून ठेवा, तुमाला हेलपाटा नको."

फॉर्मचा नमुना माझाच होता. सहीसाठी खाली जागा मीच आखली होती, तारखेच्या रकान्यापासून दूर, दिसायला नेटकी वाटावी म्हणून.

"हे मला लिहून द्याल?"

ते बराच वेळ नळी हलवत राहिले. "मॅडम, तुमी उद्या पुन्याला जाल. मला हितंच ऱ्हायचंय. संघाच्या हापिसात पठाऱ्यांचे पावनेच हायेत. मी तुमाला काय बोललो न्हाई."

साडेआठला टँकर भरून गेला. रांगेतले सात-आठ जण राहिले, त्यांत हिराबाई. कुणी भांडलं नाही. मला वाटलं होतं आरडाओरड होईल. पुण्यात दुधाची पिशवी अर्धा तास उशिरा आली तरी आमच्या इमारतीत आवाज चढतात. इथे लोकांनी किटल्या उचलल्या आणि चालायला लागले. हिराबाई पायरीवर टेकली होती.

"आता या दुधाचं काय करणार?" मी विचारलं.

"वर नेती. विरजन लावती. आमी किती खानार? दोन तास उतरून आले, आता दोन तास चढायचं." मग तिने माझ्या गळ्यातलं ओळखपत्र पाहिलं. "तुमी मशीन नीट करनार का?"

"नाही. मी तपासायला आलेय."

"मंग तपासा," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. किटली डोक्यावर घेऊन ती डोंगराकडे चालू लागली.

दहाला पठारे आले, राजूरच्या पेढ्यांचा पुडा घेऊन. मशीन बंद असलेलं पाहून त्यांनी कपाळाला हात लावला, जणू आत्ताच कळलं. मी फॉर्मांचं विचारलं तर म्हणाले, "कसले फॉर्म, मॅडम?" आणि ड्रॉवर रिकामा होता. सोनवणे टाकी धुवायला आत गेले होते ते मी निघेपर्यंत बाहेर आले नाहीत.

पेढे मी घेतले नाहीत. एवढाच काय तो माझा निषेध.

खर्डा

राजूर जिल्ह्याच्या एका टोकाला आणि खर्डा दुसऱ्या. मधे नगरला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी जामखेडच्या रस्त्याला लागलो. तो रस्ता मधेच बीड जिल्ह्यात शिरतो आणि पुन्हा बाहेर येतो. कडा गावाच्या पुढे जीपचा पट्टा तुटला. शब्बीरभाईंना दुसरा पट्टा मिळेपर्यंत आम्ही एका टपरीत बसून होतो. दोन्ही बाजूंना काळी, कोरडी, उघडी जमीन, ज्वारीची बुटकी ताटं. नेवाशाच्या उसानंतर हे रान कुणी सोडून दिल्यासारखं वाटत होतं.

"साळवे कसे आहेत?" मी विचारलं.

"मला काय म्हाईत," शब्बीरभाई म्हणाले. "माझ्या गाडीत कधी बसलेच न्हाईत. गाडी मागतच न्हाईत. एस.टी.नं फिरत्यात, पिशवी खांद्याला."

खर्ड्यात किल्ल्याची भिंत लांबूनच दिसते. केंद्र त्याच्या अलीकडे. साळवे चाळिशीचे, काळेसावळे, शर्टाच्या खिशात टेस्टर. आधी जामखेडला त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आय.टी.आय. केलेले, म्हणून आमच्या कंपनीने घेतलेले. माझ्या स्वागताला फूल नव्हतं. ते केंद्रामागच्या भिंतीशी एका खड्ड्यात पाणी ओतत होते.

"दोन मिन्टं थांबा मॅडम," ते म्हणाले. "एवढं जिरू द्या."

आत मशीन चालू होतं. चिठ्ठ्या टरटर निघत होत्या. रांग भराभर पुढे सरकत होती. मी फाइल मागितली. फाइलमध्ये एकच तक्रार होती आणि ती तेवीस दिवस उघडी होती. काट्यांच्या तक्त्यावरचे ते तेवीस लाल चौकोन.

"मशीन चालू आहे. मग तक्रार बंद का नाही केली?"

"चालू हाय. पन दुरुस्त झालंय का न्हाई ते अजून बघायलोय." त्यांनी पिशवीतून दोनशे पानी वही काढली. तीत रोजची नोंद होती. मशीन किती वाजता बंद पडलं, तेव्हा आणखी काय चालू होतं, हवा कशी होती. पहिल्या आठवड्यात त्यांनी वायरी बदलून पाहिल्या होत्या. दुसऱ्या आठवड्यात एक ओळ अधोरेखित होती: 'दूध गार करायचा कॉम्प्रेसर सुरू झाला की दोन-तीन मिनिटांत बंद.' मग त्यांनी जमिनीत पुरलेल्या अर्थिंगच्या वायरीचा माग काढला. ती जिथे पुरली होती तो खड्डा कोरडाठाक पडला होता, आणि ओल नसली की अर्थिंग काम करत नाही. पाऊस कमी, जमीन भेगाळलेली. त्यांनी तो उकरला, मीठ आणि कोळसा भरला आणि रोज पाणी घालायला सुरुवात केली. तोवर घरचा स्टॅबिलायझर आणून मशीन कसंबसं चालू ठेवलं. चार दिवसांत ते एकदाही बंद पडलं नव्हतं.

"आनखी आठ दिवस बघतो," ते म्हणाले. "मग बंद करतो तक्रार. हे सगळ्याच केंद्रांवर असनार मॅडम. उन्हाळ्यात सगळीकडचे खड्डे वाळत्यात. काटे साहेबांना तीनदा सांगितलं."

मी वही हातात घेऊन बसले. मी गाळलेलं प्रकरण समोर होतं, पुस्तकात होतं तसंच्या तसं, फक्त ते न वाचलेल्या माणसाने केलेलं. मी त्यांना म्हणाले, "पुस्तकात याला 'समस्या' म्हणतात."

"आमीबी समस्याच म्हनतो," साळवे म्हणाले.

"पण रोज बंद पडलं तर रोजची नवी तक्रार काढायची आणि मशीन चालू झालं की ती बंद करायची. तुमचा तक्ता हिरवा दिसला असता."

"रोग एकच हाय. त्याला रोज नवं नाव कसं ठेवू?"

दुपारी त्यांनी घरी जेवायला नेलं. वस्तीत दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पुस्तकांची फळी. त्यांच्या पत्नी शोभाताई अंगणवाडीत नोकरीला होत्या. त्यांनी हुलग्याची शेंगोळी केली होती, लसणाचा सणसणीत रस्सा, बाजरीची भाकरी. जेवायला बसण्याआधी त्या म्हणाल्या, "तुमाला चालतंय ना आमच्याकडं?" पुण्यात आमच्या घरी असा प्रश्न कुणाला विचारावा लागत नाही, आणि तो का लागत नाही हे मला तिथे बसल्यावर कळलं: आमच्या जातीचं अन्न कुणाला चालत नाही असं होत नाही, आणि ज्यांना हा प्रश्न विचारावा लागतो त्यांच्या घरी मी कधी जेवलेच नव्हते. मी पोटभर जेवले. शोभाताईंनी वाढताना विचारलं, "ह्यांच्या कामाचं तुमी वर सांगनार का? लई जीव लावत्यात ओ."

"सांगणार तर," मी म्हणाले.

मग केंद्रावर येऊन मी फॉर्म भरला. नियमावली जे सांगत होती तेच लिहिलं. पहिली त्रुटी: तक्रार मुदतीत बंद नाही. दुसरी: छापील नमुन्याऐवजी खासगी वही. तिसरी: परवानगीवाचून विजेच्या जोडणीत बदल. मजकूर इंग्रजीत होता. साळवे म्हणाले, "मला वाचून दाखवा." मी मराठीत सांगितलं. त्यांनी एकेका वाक्याला मान हलवली.

"खरंच हाय हे," ते म्हणाले आणि सही केली. "पन वहीबी दावनार ना?"

मी जामखेडला वहीच्या बावीस पानांच्या झेरॉक्स काढल्या आणि अहवालाला जोडल्या. वही त्यांना शब्बीरभाईंच्या हातून परत पाठवली. इतपत मी प्रामाणिक होते.

पुणे

वर्तकांनी अहवाल वाचला, चष्मा काढला. "हे जोडपत्र कशाला?"

मी सांगितलं. राजूरचंही सांगितलं. कोऱ्या फॉर्मांवरच्या सह्या, रिकामा ड्रॉवर, सगळं.

"पुरावा?"

"नाही. पण मी डोळ्यांनी पाहिलंय."

"तुम्हीच नियमावलीत लिहिलंय, नोंद नसेल तर ती गोष्ट घडलेली नाही. पान बारा." ते चिडलेले नव्हते. "तपासनीस सोमवारी येतायत. राजूरचं लिहिलंत तर प्रमाणपत्र अडकलं. खर्ड्यात तीन किरकोळ त्रुटी आहेत, त्या चालतील. एखाद-दोन त्रुटी असल्या की तपासणी खरी वाटते. आणि ती पानं काढा. खासगी वहीची पानं आपणच जोडली तर आपणच तिला मान्यता दिल्यासारखं होतं."

मला कुणी धमकी दिली नाही. घरी बसावं लागेल असंही कुणी म्हणालं नाही. उलट वर्तक म्हणाले की प्रमाणपत्रानंतर गुणवत्ता विभाग वेगळा होईल आणि त्याला प्रमुख लागेल. मी जागेवर आले, स्टेपलरची पिन उचकटून बावीस पानं मोकळी केली आणि राजूरचा परिच्छेद खोडला. दहा मिनिटं लागली असतील.

तपासनीस आले, दोन दिवस राहिले, फाइली बघून खूश झाले. त्यांतल्या एकाने नेवाशाच्या फाइलचं खास कौतुक केलं. प्रमाणपत्र चौकटीत बसवून स्वागतकक्षात लावलं. मी गुणवत्ता प्रमुख झाले.

मार्चमध्ये कर्मचाऱ्यांची यादी माझ्याकडे प्रशिक्षणाच्या नोंदी अद्ययावत करायला आली. साळव्यांच्या नावावर रेघ होती. कारणाच्या रकान्यात एकच गोष्ट लिहिली होती: माझ्या अहवालाचा क्रमांक. खर्डा पठाऱ्यांकडे दिलं होतं. त्या महिन्याच्या तक्त्यावर खर्डा पहिल्यांदाच पूर्ण हिरवं झालं होतं. मीच तो तक्ता मालकांना नेऊन दाखवला. त्यांनी विचारलं, "हे कसं जमलं?" मी म्हणाले, "शिस्त."

तो शब्द मी काट्यांच्या तोंडून ऐकलेला होता. माझ्या तोंडून तो इतक्या सहज येईल असं मला वाटलं नव्हतं.

जामखेड

एप्रिलमध्ये मी दोन दिवसांची रजा काढली आणि घरी काहीतरी सांगून एस.टी.ने जामखेडला गेले. साळवे तिथे असतात हे शब्बीरभाईंकडून फोनवर कळलं होतं. "जाऊ नका," असंही ते म्हणाले होते. का, ते मी विचारलं नाही.

ऊन असं होतं की स्टँडवरच्या बाकाला हात लावता येईना. समोरच्या ओळीत एका घड्याळवाल्याच्या दुकानाचा अर्धा भाग साळव्यांनी घेतला होता. दार एकच, खिडकी नाही. पुढ्यात उघडलेला टी.व्ही., हातात सोल्डरिंगची सळई. त्यांनी मला पाहिलं आणि ओळखलं. बसा म्हणाले नाहीत. बसायला दुसरं स्टूल नव्हतंही.

"खर्ड्याचं मशीन कसं आहे?" मी विचारलं.

"बंद हाय. खड्ड्यात कोन पानी घालनार? दूध सगळं खव्याच्या भट्टीवर जातंय." मग सळई बाजूला ठेवून ते म्हणाले, "वही दावली का वर?"

"जोडली होती. मग पानं काढली."

"कोनी?"

"मी."

त्यांनी मान हलवली, मी फॉर्म वाचून दाखवत असताना हलवली होती तशीच. शेजारचा घड्याळवाला डोळ्याची काच काढून आमच्याकडे बघत होता.

"पुण्यात माझ्या ओळखीची एक कंपनी आहे," मी म्हणाले. "मी त्यांना सांगते. माणूस किती चांगला आहे ते मी लिहून देते."

"आदी लिवलंय की तुमी," साळवे म्हणाले. "तेच कागद मागत्यात सगळीकडं. नगरला दोन ठिकानी गेल्तो. मागची नोकरी का सुटली म्हनत्यात. तुमचा कागद दावला की चहा पाजून लावून देत्यात."

शोभाताई कशा आहेत विचारणार होते, पण त्या घरात जेवून आल्यावर तो प्रश्न माझ्या तोंडून फुटेना.

"तुमी कशाला आलात, मॅडम?"

"माफी मागायला."

ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. राग असता तर मला बरं वाटलं असतं. निदान मी काही उत्तर दिलं असतं. पण एखादं मशीन दुरुस्त होणारं आहे की नाही हे ठरवताना माणूस जसं बघतो, तसं ते बघत होते. मग त्यांनी सळई उचलली, टी.व्ही.वर वाकले आणि पुन्हा थांबले.

"मागितली," ते म्हणाले. "आता जरा बाजूला व्हा. उजेड अडायलाय."